प्रगती स्कॉलरशिप: पोरींच्या बापांनी अर्ज घालूनच बघा

आमची पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली तेव्हा फी ऐकून घरात सगळे गप्पच झाले होते बघा, मग तिच्या मॅडमनीच ह्या एआयसीटीईच्या (म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) स्कॉलरशिपचं सांगितलं. वर्षाला 50,000 रुपये, थेट पोरीच्या खात्यात. घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे, कॉलेज एआयसीटीई मान्यतेचं पाहिजे, आणि एका घरातल्या दोन पोरींना मिळू शकते. डिप्लोमावाल्यांनाही आहे.

त्रास एकच, कागदपत्रं. आमच्याकडं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मराठी नाव कन्नडात आणि कन्नडातलं परत इंग्रजीत लिहिताना आधारवर एक आणि मार्कलिस्टवर दुसरंच स्पेलिंग होतंय, त्यात आमचा महिना गेला. ते आधीच दुरुस्त करून घ्या, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (आमच्याकडचं महसूल खात्याचं ऑफिस) वेळेत काढा, आणि खातं आधारला जोडलंय का ते बँकेत जाऊन विचारा. एका सायबरवाल्यानं फॉर्म भरायला भरमसाट पैसे घेतले, सरकारच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज फुकट असतोय, पोरीलाच बसवून भरा की.

पैसे जमा झाले त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला. माझ्याकडून पाच स्टार.