लक्झेंबर्गच्या तक्त्यात डिचोलीचा पोर्तुगीज

लक्झेंबर्गमध्ये कोण राहतं, कुठून आलं आणि काय बोलतं हे पाहायचं असेल तर एजंटाने दिलेला कागद बाजूला ठेवा आणि सरळ स्टाटेकचं संकेतस्थळ उघडा. स्टाटेक ही तिथली सरकारी सांख्यिकी संस्था. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, तक्ते एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. 2011 च्या जनगणनेला प्रगणक म्हणून दारोदार फिरलेली. तेव्हापासून कुठलाही तक्ता समोर आला की आकड्यांच्या आधी रकान्याचं शीर्षक वाचायची खोड लागली आहे. धाकट्या भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, पोर्तुगीज पासपोर्ट केला. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, पोर्तुगीज अमदानीत इथेच जन्मलेले. त्या आधारावर लिस्बनला आधी भावाची नोंद झाली, मग भाच्याची. भारताचा पासपोर्ट सोडावा लागला, त्यावर वहिनी अजून अधूनमधून बोलून दाखवते. नोकरी लक्झेंबर्गला ठरली तेव्हा एका एजंटाने त्याला छापील माहितीपत्रक दिलं: ‘तिथे निम्मे लोक पोर्तुगीज आहेत, भाषेची अडचण येणार नाही.’ या सल्ल्याचे वेगळे पैसे घेतले. आता, आजोबांनी सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षण, केलं होतं हे खरं, पण नातवाला ‘ओब्रिगाद’च्या (धन्यवादाच्या) पुढे एक अक्षर येत नाही. म्हणजे कागदावरची माहिती खरी असती तरी याच्या काय कामाची होती? आणि ती खरीही नव्हती.

खरा आकडा असा. 2024 च्या 1 जानेवारीला लक्झेंबर्गची लोकसंख्या 6 लाख 72 हजार. देश आकाराने गोव्याहून लहान, 2,586 चौरस किलोमीटर, आणि माणसं आपल्या निम्म्याहून कमी. त्यातले 47 टक्के परदेशी नागरिक. हे ‘निम्मे’ एजंटाने उचलले आणि सगळ्यांना पोर्तुगीज करून टाकलं. पोर्तुगीज आहेत 90 हजारांच्या आसपास, साधारण 14 टक्के. परदेशी लोकांत ते सगळ्यात जास्त, एवढं बरोबर. त्यांच्यामागे फ्रेंच, मग इटालियन, बेल्जियन, जर्मन, अशी रांग पावणेदोनशेच्या घरातल्या राष्ट्रीयत्वांपर्यंत जाते. राजधानीत तर सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक परदेशी.

इथवर कुठलाही विश्वकोश सांगेल. या संकेतस्थळाची खरी किंमत कळते ती राष्ट्रीयत्वाचा तक्ता आणि जन्मदेशाचा तक्ता शेजारी शेजारी उघडल्यावर. पहिल्या तक्त्यात माझा भाचा पोर्तुगीज. दुसऱ्यात तो भारतात जन्मलेला. पोर्तुगाल त्याने पाहिलेला नाही, पण त्या 14 टक्क्यांत तो बसला आहे. आणि तिथे भारतीय किती हे कुणी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यातून शोधू लागलं तर त्यात तो सापडणारच नाही. सासष्टीतल्या, बार्देशातल्या, आमच्या भागातल्या ज्यांनी हा मार्ग धरला त्या सगळ्यांचं तसंच. उलट्या बाजूनेही तेच होतं. पोर्तुगीज जोडप्याचं मूल लक्झेंबर्गमधल्या एश शहरात जन्मलं, तिथल्याच शाळेत गेलं, तरी आईबाप दोघेही बाहेर जन्मलेले असतील तर मूल जन्मतः लक्झेंबर्गचं नागरिक होत नाही. म्हणजे ‘परदेशी’ म्हणून मोजलेलं माणूस कुठून आलेलंच नसतं. आणि ज्या पोर्तुगीजाने पुढे नागरिकत्व घेतलं, तो पोर्तुगीज पासपोर्ट जवळ ठेवूनही लक्झेंबर्गच्या खात्यात जातो, कारण 2009 पासून तिथे दुहेरी नागरिकत्व चालतं. 2021 च्या जनगणनेत त्यांनी आईवडिलांचा जन्मदेशही धरून हिशेब मांडला, तेव्हा स्थलांतराची पार्श्वभूमी असलेले जवळजवळ तीन चतुर्थांश निघाले. 47 टक्के कुठे आणि हे कुठे! आकडे दोन्ही खरे. शीर्षक न वाचता आकडा सांगणाऱ्याने मात्र पैसे परत करावेत.

भाषेच्या तक्त्यांवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आपल्या जनगणनेत मातृभाषेचा एक रकाना, आणि येत असलेल्या आणखी दोन भाषा. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जिच्यात बोलली ती. डिचोली, पेडणे, सत्तरीतल्या कितीतरी घरांत ओसरीवर कोकणी, पाटावर वर्तमानपत्र मराठी, आरती मराठी, आणि प्रगणक दारात उभा. घरातला मोठा जे सांगेल ते लिहायचं, आपलं मत घालायचं नाही, ही सूचना होती आणि ती मी पाळली. 2011 ला गोव्यात कोकणी 66 टक्के आणि मराठी 11 टक्क्यांच्या आत, असे आकडे आले. त्यावर वाद घालणाऱ्यांनी घातले. 1987 च्या राजभाषा कायद्यापासून तो वाद आहे, माझ्या पेन्सिलीने मिटणारा नव्हता.

लक्झेंबर्गचा भाषा कायदा आपल्याआधी तीन वर्षं, 1984 चा. लक्झेंबर्गिश ही राष्ट्रभाषा, कायदे फ्रेंचमध्ये, कारभाराला फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश तिन्ही. त्यांची जनगणना पहिल्यांदा विचारते की तुम्ही कुठल्या भाषेत विचार करता आणि कुठली सगळ्यात चांगली येते. याचं उत्तर एकच. मग घरी काय बोलता, कामावर काय, शाळेत काय, हे वेगळं, आणि तिथे एकाहून जास्त उत्तरं चालतात. 2021 ला लक्झेंबर्गिश मुख्य भाषा म्हणणारे 48.9 टक्के, पोर्तुगीज 15.4, फ्रेंच 14.9. दहा वर्षांपूर्वी लक्झेंबर्गिश 55.8 होती. इथे असं काही झालं असतं तर ‘भाषा बुडाली’ म्हणून मोर्चा निघाला असता. पण त्याच तक्त्यात टक्क्यांशेजारी माणसांची संख्या आहे, आणि ती जवळपास 10 हजारांनी वाढलेली आहे. बाकीचे त्याहून वेगाने वाढले, एवढंच. टक्का आणि माणसं एकाच ओळीत छापली याबद्दलच मी अर्धा तारा जास्त दिला असता.

भाच्याला उपयोग झाला तो कामावरच्या भाषेचा. तिथे फ्रेंच पुढे. त्यात नोकरदारांचे आकडे वाचले की कारण कळतं: रोज सीमा ओलांडून येणारे 2 लाख 20 हजारांहून जास्त, निम्म्याहून अधिक फ्रान्समधले. हे लोक लोकसंख्येच्या तक्त्यात नाहीतच, कारण ते तिथे राहत नाहीत. दुकानात, हॉटेलात, गोदामात मात्र भाषा त्यांची चालते.

धर्माचा तक्ता शोधू नका. 1979 पासून सरकारने धर्म विचारणं कायद्यातच बसत नाही. आपल्याकडच्या कुणाला हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग ‘मग निवडणुका कशा लढवतात?’ असा प्रश्न येतो. निवडणुकांचं तिथे वेगळंच आहे. परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मत द्यावं का, यावर 2015 ला सार्वमत झालं आणि 78 टक्क्यांनी नाही म्हटलं. स्थानिक निवडणुकीत मात्र मत आहे, आणि 2023 च्या निवडणुकीपासून त्यासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही उरली नाही.

आता कापलेला अर्धा तारा. आकडे इंग्रजीत मिळतात, पण बरेचसे सविस्तर अहवाल फ्रेंचमध्येच आहेत. आणि तक्ता कारण सांगत नाही. पोर्तुगीजच का, हे कळायला पोर्तुगालशी झालेल्या 1970 च्या मजूर कराराकडे जावं लागतं. त्याआधी दक्षिणेतल्या लोखंडाच्या खाणींत आणि पोलाद कारखान्यांत इटालियन आले होते, म्हणून एश, ड्युडलांज भागात इटालियन आडनावं दिसतात. खाणीमुळे माणसं कशी येतात ते आम्हा डिचोलीकरांना समजावून सांगायला नको.

मोठी बाजू अशी की आकडे ताजे. लोकसंख्येच्या नोंदवहीवरून दर वर्षीच्या 1 जानेवारीचा आकडा निघतो, प्रत्येक नगरपालिकेचा. आपण अजून 2011 वर आहोत, पुढची जनगणना 2027 ला.

वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना: फ्रेंच तक्त्यात स्वल्पविराम दशांशासाठी असतो, हजारांसाठी नाही. 47,3 म्हणजे सत्तेचाळीस पूर्णांक तीन. भाचा सध्या संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला जातो. नागरिकत्वाचं पुढे बघू म्हणतो, त्यासाठी लक्झेंबर्गिशची तोंडी परीक्षा द्यावी लागते.