धावता चार्ट: इन्व्होक, बिगिनइन्व्होक की टायमर?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी व्हॉल्व्हच्या दाबचाचणीचं सॉफ्टवेअर लिहिलं, सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायची चौकट). सेन्सर सेकंदाला 1000 वेळा दाब सांगतो. ऑपरेटरला ती रेष समोर सरकताना दिसायला हवी, कारण गळती आधी तिथेच कळते. आता दांडिया बाजारात राहणारी माझी भाची तसंच काम करतेय. तिने विचारलं, "मामा, थ्रेडमधून चार्टला हात लावला की एरर येते. इन्व्होक लावू का?"

थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये इतरांच्या बरोबरीने चालणारी कामाची एक धारा. एरर येते ते चांगलंच आहे. कंट्रोल (चार्ट, बटण असा खिडकीतला भाग) ज्या थ्रेडने बनवला त्यानेच त्याला हात लावायचा, हा विनफॉर्म्सचा नियम. ही तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती वापरू नका. आखताना मधेच डेटा बदलला तर चार्टच्या जागी लाल फुली दिसते, आणि तीही कारखान्यात गेल्यावर.

इन्व्होक म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या थ्रेडला, यूआय थ्रेडला, काम सांगणं. लिहायला सोपा, पण यूआय थ्रेडचं काम संपेपर्यंत सेन्सर वाचणारा थ्रेड अडकून राहतो. एकदा आखायला 20 मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात 20 रीडिंग मागे पडतात. खिडकी बंद करताना यूआय थ्रेड जॉइन करून, म्हणजे सेन्सरचा थ्रेड संपायची वाट पाहत, थांबला आणि नेमका तेव्हाच सेन्सरचा थ्रेड इन्व्होकमध्ये असला, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. थ्रेडला उत्तर हवंच असेल, "चाचणी थांबवू का?" असं विचारायचं असेल, तिथे इन्व्होक योग्य.

बिगिनइन्व्होक यूआय थ्रेडला निरोप टाकून, उत्तराची वाट न पाहता मोकळा होतो. भट्टीचं तापमान सेकंदाला एकदा दाखवायचं असेल तर हाच घ्या, यापेक्षा जास्त काही लागत नाही. पण सेकंदाला 1000 निरोप आले तर रांग वाढतच जाते. विंडोज आधी हे निरोप हाताळतं, मग माउस-कीबोर्ड, आणि आखणं त्याच्याही नंतर. त्यामुळे बटण दाबलेलं कळत नाही आणि रेष जुनाच दाब दाखवत राहते. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही रेष वर चढताना दिसली, तर ऑपरेटर त्या स्क्रीनवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

म्हणून माझा कौल टायमरला. सेन्सरचा थ्रेड रीडिंग फक्त कॉन्करंटक्यूमध्ये (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येणारी रांग) टाकतो. यूआय थ्रेडवरचा टायमर दर 100 मिलिसेकंदांनी रांग रिकामी करतो आणि चार्ट एकदाच आखतो. पॉइंट भरण्याआधी सस्पेंडअपडेट्स (आखणं थांबवा), नंतर रिझ्यूमअपडेट्स (पुन्हा सुरू करा), आणि चार्टचा प्रकार फास्टलाइन, म्हणजे भरपूर पॉइंटची रेष वेगाने आखणारा. टायमर 10 मिलिसेकंदांवर लावू नका. फॉर्म्सच्या टायमरची अचूकता 55 मिलिसेकंदांपर्यंतच आहे.

खरी मेहनत पुढे आहे. शेवटच्या 60 सेकंदांचे 60,000 पॉइंट, आणि चार्टची रुंदी 1200 पिक्सेल. म्हणजे एका उभ्या पिक्सेलवर 50 रीडिंग. सरासरी काढली की रेष छान गुळगुळीत होते, आणि क्षणभरासाठी पडलेला दाब त्यात बुडून जातो. आपण तर तोच शोधायला बसलो आहोत. म्हणून दर 50 रीडिंगमधलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं, अशी दोनच, ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने आखायची. 2400 पॉइंटमध्ये काम भागतं आणि खड्डा लपत नाही. फाइलमध्ये मात्र सगळी रीडिंग जशीच्या तशी, आणि ती यूआय थ्रेडवरून लिहायची नाहीत.

विनफॉर्म्सऐवजी डब्ल्यूपीएफ किंवा क्यूटी या खिडक्या बनवायच्या दुसऱ्या चौकटी असतील, तर डब्ल्यूपीएफमध्ये हेच डिस्पॅचरटायमरने करा. क्यूटीत क्यूटायमर आहे.

एक काम टायमरवर सोडू नका: धोक्याची सूचना. ती लगेच बिगिनइन्व्होकने पाठवा. आणि दाब हद्दीबाहेर गेला तर पंप बंद करण्याचा हुकूम सेन्सरच्या थ्रेडनेच द्यायचा, स्क्रीन चालू असो वा अडकलेली. भाचीच्या कोडमध्ये तो हुकूम चार्टच्या फंक्शनमध्ये होता. तो आम्ही सगळ्यात आधी बाहेर काढला.