हॉट टब चांगला, पण ब्लोअरमध्ये पाणी शिरलं : एनआरव्हीवर विसंबू नका

टबाबद्दल तक्रार नाही. गळती नाही, हीटर वेळेत पाणी तापवतो, आणि संध्याकाळी बुडबुड्यांत बसलं की आईच्या गुडघ्यांना खरंच आराम पडतो. बाणेरला आमच्या गच्चीवर दिवाळीपासून तो रोज वापरात आहे. माझा सगळा राग हवेच्या पाइपावर आहे.

एका गुरुवारी ब्लोअर, म्हणजे बुडबुड्यांसाठी पाइपातून टबात हवा ढकलणारा पंखा, चालू असतानाच लाइट गेली. परत आल्यावर बटण दाबलं तर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) खाली. वर केला, पुन्हा खाली. सर्व्हिसवाल्याने ब्लोअर काढून आडवा केला तेव्हा आतून तांबूस पाणी ओघळलं. "सर, पाणी शिरलंय. हे वॉरंटीत बसत नाही." अहो, पण ब्लोअर टबाच्या पाण्यापेक्षा खाली बसवला तो तुमच्याच माणसांनी ना? ब्लोअर चालू असतो तोवर हवा पाण्याला थोपवून धरते. तो बंद पडला की पाणी हवेच्या पाइपात घुसतं आणि टबातल्या पातळीपर्यंत चढतं. ब्लोअर त्या पातळीच्या खाली असेल तर दोघांच्या मध्ये फक्त एनआरव्ही उरतो, म्हणजे हवा पुढे जाऊ देणारा पण पाणी मागे न येऊ देणारा एकतर्फी व्हॉल्व्ह. बरीच वादावादी झाली आणि शेवटी नवा ब्लोअर माझ्याच पैशांनी आला.

सोबत जास्त कडक स्प्रिंगचा नवा एनआरव्हीही बसवून गेले. सुरुवातीला मला तो आवडला होता, आता मत बदललंय. पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "आज जोर नाही रे याला." बरोबरच होतं तिचं. अर्धा पीएसआय (दाबाचं माप) दाबाची स्प्रिंग उघडायची म्हणजे ब्लोअरवर साधारण ३५ सेंटिमीटर पाण्याचा जादा भार. पाव पीएसआयची असेल तर त्याच्या निम्मा. टबाच्या तळाच्या छिद्रांवरचं पाणी त्याला ढकलावं लागतंच, ते वेगळं. एवढं करून काही महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून पाहिला तर झडपेच्या कडेला पांढऱ्या क्षारांचं खरखरीत कडं जमलेलं. नखाने खरवडलं तरी निघेना. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी. झडप नीट टेकत नव्हती आणि ब्लोअरच्या बाजूचा पाइप आतून ओला होता.

शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरने मार्ग काढला. "दादा, पाइप आधी टबाच्या वर न्या, मग खाली आणा." ब्लोअरपासून पाइप सरळ वर, वरती दोन एल्बो, आणि तिथून खाली टबाकडे. झालं! यात हलणारा भागच नाही, त्यामुळे अडकायचा किंवा क्षार धरायचा प्रश्न नाही. उंची पाण्यापासून न मोजता टबाच्या काठापासून मोजायची, कारण माणसं आत बसली की पाणी वर येतं. काठाच्या वर निदान ३० सेंटिमीटर तरी ठेवा. लाइट अचानक गेली की पाणी हिसक्याने येतं आणि क्षणभर पातळीच्याही वर उसळतं. ब्लोअरलगतचा तुकडा सीपीव्हीसीचा घेतला, कारण तिथली हवा चांगलीच तापते आणि साधा पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे मऊ पडतो. ब्लोअरच्या बाजूला पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी बारीक भोकही पाडलं आहे. ओलावा तिथून ठिबकून जातो. हवा थोडी फुसफुसते, पण बुडबुड्यांत फरक पडत नाही.

एनआरव्ही काढलेला नाही, हलक्या स्प्रिंगचा लावला आणि युनियनमध्ये, म्हणजे हाताने खोलता येणाऱ्या जोडात, बसवला, म्हणजे काढून साफ करता येतो. बुडबुड्यांचा जोर परत आला. त्यानंतर लाइट कितीतरी वेळा गेली, दर वेळी भोकाखाली हात लावून पाहतो. कोरडं.

सगळा खर्च पाइप, एल्बो आणि प्लंबरची मजुरी एवढाच. ब्लोअरच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि हेच मला सहन होत नाही. बसवतानाच हे केलं असतं तर माझे पैसे वाचले असते. गच्चीवर किंवा डेकखाली ब्लोअर बसवून घेत असाल तर हा वळसा आधी कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि काम चालू असताना फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो आहेत म्हणूनच भांडता येतंय. टबाला चार स्टार, बसवणीला एक. ब्लोअरच्या पैशांसाठी लेखी नोटीस दिली आहे. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.