एका हिवाळ्यात सात डोंगरवाटा: मुंबईतील गिरिभ्रमण मंडळाबरोबरचा चार महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुलुंडमधील एका गिरिभ्रमण मंडळाची सभासद झाले आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांच्याबरोबर सात वेळा डोंगरात गेले: कर्नाळा, माहुली, रतनगड, सांधण, कळसूबाई, पेब आणि पुन्हा एकदा रतनगड. पहिल्या भटकंतीवरून परतल्यावर लगेच लिहिण्याचे मी टाळले, कारण एका दिवसाच्या आनंदात मंडळाची शिस्तही नीट कळत नाही आणि उणीवही दिसत नाही. माझे वय अठ्ठेचाळीस आहे, नोकरी बैठी आहे, उजव्या गुडघ्याचे जुने दुखणे आहे आणि घरात डोंगराची आवड असणारे दुसरे कोणी नाही. अशाच परिस्थितीत असलेल्या वाचकांसाठी हे मुख्यतः लिहीत आहे.

या मंडळात मला सर्वांत मोलाचे वाटले ते मागे पडणाऱ्या माणसाशी वागण्याचे त्यांचे धोरण. ते मला माहुलीला समजले. आसनगाव स्थानकावरून रिक्षाने पायथ्याच्या गावात पोहोचल्यावर सर्वांनी गोल उभे राहून आपापला क्रमांक मोठ्याने म्हटला आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर तीच मोजणी झाली. पहिल्याच चढावर मला धाप लागली. म्होरक्या दादांनी कोणताही गाजावाजा न करता मला रांगेत आपल्या लगेच मागे घेतले. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवले की संपूर्ण तुकडी त्याच्या गतीने चालते आणि त्याला धावत गाठण्याची वेळ येत नाही, हे त्यांनी नंतर जेवताना सांगितले. रांगेच्या शेवटी दुसरे अनुभवी सभासद असतात आणि त्यांच्या मागे कोणीही राहायचे नाही, हा नियम सातही वेळा पाळला गेला. विश्रांतीची वेळही शेवटचा माणूस थांब्यावर पोहोचून पाणी प्यायल्यानंतरच मोजायला सुरुवात होते. पूर्वी मी कार्यालयातील मंडळींबरोबर एक-दोनदा डोंगरात गेले होते. तेथे पुढचे लोक बसून ताजेतवाने होत आणि मी पोहोचताच उठून चालू लागत, त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती कधी मिळत नसे. हा एवढासा फरक आहे, पण माझ्यासारखीच्या बाबतीत डोंगरात पुन्हा जायचे की नाही हे त्यावरच ठरते.

हिवाळ्यातील सह्याद्री सोपा असतो, असे मी समजत होते. पावसाळ्यातील शेवाळलेला कातळ नसतो आणि एप्रिल-मे महिन्यातील होरपळ नसते, हे खरेच आहे. परंतु या ऋतूच्या स्वतःच्या अडचणी असतात आणि मंडळाने त्या प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी समजावून सांगितल्या. नोव्हेंबरमध्ये गवत पुरुषभर उंच असते आणि त्यात पायवाट हरवते. डिसेंबरनंतर माती सुकून भुसभुशीत होते, बारीक खडे सुटे होतात आणि उताराचा घसारा पाय टिकू देत नाही. माझ्या गुडघ्याला चढापेक्षा हा उतारच जड गेला. पेबच्या उतारावर मागच्या ताईंनी काठी कशी टेकावी आणि पाऊल आडवे कसे ठेवावे हे दहा मिनिटे थांबून शिकवले, त्यानंतर माझी भीती बरीच कमी झाली. थंडीत तहान जाणवत नाही म्हणून पाणी कमी प्यायले जाते आणि दुपारी पायात गोळे येतात, त्यामुळे दर थांब्याला दोन घोट सक्तीचे असतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी तीननंतर कोणीही माथ्यावर थांबायचे नाही आणि दिवसाची भटकंती असली तरी प्रत्येकाकडे विजेरी हवी, हेही नियम आहेत. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असल्यामुळे अत्तर लावून येऊ नये, धूर आणि आरडाओरडा करू नये, अशी सूचना आदल्या रात्रीच आली होती.

डिसेंबरमधील रतनगडाचा मुक्काम माझ्या मनात सर्वांत ठळक राहिला आहे. कसारा लोकलने जाऊन पुढे जीपने घोटी आणि शेंडी मार्गे रतनवाडीला पोहोचायला संध्याकाळ झाली. अमृतेश्वराच्या मंदिराजवळच्या एका घराच्या ओसरीत आम्हा बायकांची झोपण्याची व्यवस्था होती. गडावर जास्त थंडी असणार या समजुतीने मी उबदार कपडे दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवले आणि पहाटे कुडकुडत जागी झाले. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता लवकर गमावते आणि थंड, जड हवा उतारावरून खाली वाहत दरीत साचते, त्यामुळे पहाटे पायथ्याचे गाव डोंगराच्या धारेपेक्षाही थंड असू शकते, हे सकाळी चुलीजवळ बसून दादांनी समजावले. ही माहिती त्यांनी निघण्यापूर्वीच्या सूचनांत द्यायला हवी होती, असे मी त्यांना सांगितले आणि पुढच्या वेळच्या सूचनांत ती आली.

त्या दिवशी शिड्या चढून नेढ्यात बसलो. वाऱ्याने झिजून कातळाला आरपार पडलेले ते भोक इतके मोठे आहे की तीस माणसे सहज बसावीत. एकीकडे भंडारदऱ्याचे पाणी आणि दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग व कळसूबाई ही रांग धुक्याविना दिसत होती. प्रवरा नदी याच गडाच्या परिसरात उगम पावते, हे शाळेत वाचलेले वाक्य तेथे बसल्यावर मला प्रथमच खरे वाटले. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा तेथेच गेलो, तेव्हा गवत वाळून सोनेरी झाले होते आणि टाक्यातील पाणी हातभर खाली गेले होते. एकच गड एकाच हंगामात दोनदा दाखवण्याचा हा निर्णय अनेकांना पटला नाही. मला मात्र तो मनापासून आवडला, कारण दुसऱ्या वेळी माझे लक्ष श्वासावरून उठून डोंगराकडे गेले.

सांधणबद्दल थोडक्यात लिहिते. साम्रद गावाजवळची ही अरुंद, खोल घळ उभ्या कातळांच्या मधून जाते आणि तळाशी ऊन फारच थोडा वेळ पोहोचते. दगड पडण्याचा धोका असल्यामुळे मंडळाने प्रत्येकाला हेल्मेट दिले आणि आम्ही दोरांच्या टप्प्याआधीच मागे फिरलो. पहिल्या पाणथळीत पाणी कमरेइतके होते. माझी सॅक एका मुलाने डोक्यावर धरून पलीकडे नेली.

आता नाराजीची बाब. जानेवारीतील कळसूबाईची रात्रीची चढाई मंडळाच्या एरवीच्या काळजीला अजिबात शोभणारी नव्हती. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, त्यात शनिवारची रात्र आणि सूर्योदयाचे आकर्षण; बारी गावात आम्ही पोहोचलो तेव्हाच तेथे गाड्यांची रांग होती. असे असताना मंडळाने स्वतःच्या चौपन्न माणसांची नोंदणी घेतली होती. लोखंडी शिड्यांपाशी आम्हाला जवळजवळ पन्नास मिनिटे उभे राहावे लागले. चढताना घामाने भिजलेले सुती कपडे, वरून बोचरा वारा आणि हलायला जागा नाही, अशा स्थितीत दोन मुलींना हुडहुडी भरली. म्होरक्यांनी त्यांना कोरडे कपडे व गरम पाणी दिले आणि त्या सावरल्या, पण एवढ्या गर्दीत मोजणीही धड होत नव्हती, हे मी स्वतः पाहिले. सूर्योदय आम्ही माथ्याच्या बराच खालून पाहिला. परतल्यावर आम्ही सात जणांनी लेखी पत्र दिले. मंडळाने चूक मान्य केली, फेब्रुवारीपासून एका भटकंतीला चोवीस जणांची मर्यादा घातली आणि कळसूबाई पुढील हंगामात आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवण्याचे कळवले. फेब्रुवारीच्या दोन्ही भटकंतींत ती मर्यादा पाळली गेली, म्हणून मी मंडळात राहिले. पाळली गेली नसती, तर सभासदत्व सोडण्याची माझी तयारी होती.

खर्चाच्या बाबतीत तक्रार नाही. जीप, जेवण आणि मुक्काम यांचा हिशेब परतीच्या गाडीतच सर्वांसमोर मांडला जातो आणि उरलेली रक्कम परत मिळते. जेवण नेहमी पायथ्याच्या गावातील घरात ठरवलेले असते. नागली किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात असा साधा बेत असतो, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता थेट त्या घरच्या बाईच्या हातात दिले जातात, याचे मला विशेष समाधान वाटते. कचरा प्रत्येकाने आपल्या सॅकमध्ये मुंबईपर्यंत आणायचा असतो. कर्नाळ्यात वनखात्याच्या चौकीवर आमच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून नोंदल्या गेल्या, पण जेथे मोजणारे कोणी नसते तेथेही मंडळाचा नियम तोच राहिला.

एक गोष्ट अजून सुधारलेली नाही. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची चौकशी मंडळ आधी करत नाही. पहाटे दीड तासाची लोकल आणि पुढे जीपचा प्रवास झाल्यावर पायथ्याच्या गावात दार ठोठावून विचारण्याची वेळ दर वेळी आमच्यावर येते. जेवण ठरवताना त्याच घरी ही सोय विचारून घ्यावी आणि मुक्कामाच्या जागी कपडे बदलण्यासाठी आडोसा असावा, अशी विनंती मी आणि आणखी तीन ताईंनी मार्चच्या बैठकीत मांडली. पुढच्या हंगामाची आखणी करणाऱ्या गटात त्यांनी आमच्यापैकी दोघींना घेतले आहे. माहुलीच्या पायथ्याच्या घरी मी या महिन्यात स्वतः जाऊन बोलून येणार आहे.