मेथाकोलीन चाचणी : पुण्यातील एका फुप्फुस-चाचणी विभागाचा अनुभव

रात्री दोन-अडीचच्या सुमारास खोकल्याने जाग यायची आणि छातीत घरघर ऐकू यायची. दिवसा केलेली स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजण्याची चाचणी) मात्र दर वेळी व्यवस्थित यायची. म्हणून माझ्या डॉक्टरांनी मेथाकोलीन चाचणी, म्हणजे श्वासनलिका आवळणारे औषध थोडे थोडे हुंगायला देऊन त्या किती संवेदनशील आहेत हे पाहण्याची चाचणी, सुचवली आणि ती मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात करून घेतली. तेथील मोजणी उत्तम आहे, पण रुग्णाची पूर्वचौकशी अपुरी आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम मोजणीविषयी. नाकाला चिमटा लावून आधी साध्या श्वासाची नोंद झाली आणि पहिल्या सेकंदात मी २.४० लिटर हवा बाहेर टाकली. त्यानंतर नेब्युलायझरमधून मेथाकोलीनची मात्रा प्रत्येक टप्प्यावर दुपटीने वाढवत देण्यात आली आणि दर टप्प्यानंतर पुन्हा फुंकायला लावले. हा आकडा २० टक्क्यांनी घसरला की चाचणी थांबवतात, माझा १.८८ वर आल्याबरोबर तंत्रज्ञ ताईंनी हात वर करून थांबवले आणि लगेच श्वासनलिका सैल करणारे साल्ब्युटामॉल दिले. पंधरा मिनिटांत आकडा २.३५ झाला. डॉक्टर शेवटपर्यंत खोलीतच होते, याचा मला फार धीर वाटला.

आता तक्रारीचे. आधी भरून घेतलेल्या अर्जात इनहेलर, धूम्रपान आणि ॲलर्जी यांचे रकाने होते, मात्र वेदनाशामकांविषयी एकही प्रश्न नव्हता. दाढ काढल्यावर आयब्युप्रोफेन घेतले तेव्हा तासाभरात माझे नाक वाहू लागले होते आणि छाती आवळली होती. ही हकिगत मी स्वतःहून सांगितली, पण ती अहवालात आली नाही. हा तपशील किरकोळ नाही. आपल्या श्वासनलिकांमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ती सगळी एकाच दिशेने काम करत नाहीत : ई-२ बहुधा नलिका सैल ठेवते, तर डी-२ आणि एफ-२-अल्फा त्या आवळतात. एफ-२-अल्फा श्वासावाटे दिल्यास दम्याचे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा सुमारे ८००० पट संवेदनशील ठरतात, असे १९७३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते, त्याच अभ्यासात हिस्टामिन या नलिका आवळणाऱ्या दुसऱ्या द्रव्याच्या बाबतीत हा फरक सुमारे दहा पटींचा होता. हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण माझ्या नलिका किती हळव्या असू शकतात हे मला प्रथमच नेमके कळले.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर रोखतात. माझ्यासारख्या काही रुग्णांत त्यामुळे ई-२चा लगाम सुटतो, ल्युकोट्राइन ही नलिका आवळणारी द्रव्ये वाढतात आणि दम्याचा झटका येतो. अशा रुग्णांना ॲस्पिरिनच्या आधी ई-२ श्वासावाटे दिले असता तो झटका टळतो, हेही लहान अभ्यासांत दिसले आहे. तरीही ई-२ने काहींना जोरदार खोकला येतो. म्हणून ते औषध म्हणून रूढ झालेले नाही. ज्या विभागाचे काम श्वासनलिकांची संवेदनशीलता मोजणे हेच आहे, त्याने हा प्रश्न अर्जात अवश्य विचारायला हवा.

अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. आलेख स्पष्ट होता. निष्कर्ष मात्र एकाच ओळीचा होता आणि त्याचा अर्थ मला माझ्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा लागला. चाचणीला जाण्यापूर्वी इनहेलर किती तास बंद ठेवायचा, हे विभागातून फोनवर नीट सांगतात, तेवढे काटेकोरपणे पाळावे. जाताना आतापर्यंत घेतलेल्या वेदनाशामकांची यादी लिहून न्यावी आणि ती अहवालाला जोडून देण्याची विनंती करावी. मी पुढच्या खेपेला तसेच करणार आहे.