काळी माती काढून मुरूम भरायचा, की चुना मिसळायचा?

पंचगंगेकाठच्या काळ्या रानात गोदामाचं आवार डांबरी करायचं, तर आधी मातीचा बंदोबस्त हवा. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. चार दिवस भिजवून काढलेला सीबीआर (माती किती भार पेलते याचं माप) बऱ्याचदा २ ते ४ टक्केच येतो.

कोल्हापुरात रुळलेली पद्धत म्हणजे अर्धा मीटर माती उचलून मुरूम भरणे. पण तो २० सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबायला हवा. सगळे डंपर एकदम रिकामे करून वरून रोलर फिरवला, तर वरचं कडक दिसतं, खालचं पोकळच राहतं. शिवाय काळ्या मातीतला मुरुमाचा खड्डा पाणी धरून ठेवतो, हे हमखास विसरलं जातं. बाहेर निचरा नसेल तर भर पावसाळ्यात ट्रकखाली डांबर खचायला लागतं.

चुन्याच्या पद्धतीत माती जागेवरच राहते, डंपरच्या खेपा वाचतात. साधारण ३ ते ५ टक्के चुना (नेमकं प्रमाण प्रयोगशाळेतूनच घ्या), रोटाव्हेटरने ढेकळं फोडून मिसळायचा, मुरू द्यायचा, मग दाबायचं. हाताला चिकटणारी माती दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होते. पाऊस तोंडावर असताना मात्र हे नको. मजुरांना गॉगल, हातमोजे द्याच.

छोट्या पार्किंगला मी मुरूमच सुचवेन, निचऱ्यासकट. ट्रक फिरणाऱ्या मोठ्या आवाराला चुना, तोही दिवाळीनंतर.

खडी टाकण्याआधी भरलेला डंपर सावकाश फिरवा. चाकाखाली जमीन लवली, तर तेवढा भाग पुन्हा उकरा.