सीईआर, टूलमिन की एपी लँग? आर्ग्युमेंट एसेसाठी पोरांनी कुठली पद्धत धरायची

इकडे अमेरिकेत मुलं नववीत गेली की आर्ग्युमेंट एसे (एक बाजू घेऊन ती पुराव्याने पटवून देणारा निबंध) मागे लागतो, आणि टीचर बदलली की शब्दही बदलतात. एक क्लेम म्हणते, दुसरी थीसिस म्हणते, तिसरी मार्जिनमध्ये "वॉरंट कुठाय?" असं लिहून पाठवते. मग क्लास लावायचा किंवा घरी शिकवायचं तर नक्की कुठली पद्धत धरायची, हा आईबाबांचा प्रश्न. सीईआर, टूलमिन आणि एपी लँग या तिन्ही पद्धती एकाच विषयावर लावून बघूया, म्हणजे फरक लगेच दिसेल.

विषय घेऊ शाळेच्या वेळेचा. कॅलिफोर्नियात यावर कायदाच आहे, २०१९ मध्ये सही झाली आणि जुलै २०२२ पासून हायस्कूल सकाळी ८:३० च्या आत भरवता येत नाही, ग्रामीण डिस्ट्रिक्टना मात्र सूट. (महाराष्ट्रातही २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका असं सरकारने सांगितलं, त्यामुळे हा वाद तिकडच्यांनाही नवा नाही.)

सीईआर म्हणजे क्लेम (आपला दावा), एव्हिडन्स (पुरावा), रीझनिंग (त्या पुराव्यावरून दावा कसा सिद्ध होतो ते). हे मूळचं सायन्सच्या वर्गातलं, लॅब रिपोर्ट लिहिताना मुलांना मिडल स्कूलमध्येच भेटलेलं असतं, म्हणून सगळ्यात सोपं. क्लेम: हायस्कूल साडेआठनंतरच भरावं. एव्हिडन्स: अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये हीच शिफारस केली. इथपर्यंत झकास. रीझनिंगला मात्र दहातली आठ मुलं "झोप महत्त्वाची आहे म्हणून शाळा उशिरा भरावी" असं लिहून मोकळी होतात, म्हणजे क्लेमच परत, फक्त वेगळ्या शब्दांत. आणि समोरच्या बाजूला या तीन खोक्यांत जागाच नाही, कॉमन कोअरला (बऱ्याच राज्यांनी घेतलेले शालेय अभ्यासक्रमाचे निकष) तर नववीपासून काउंटरक्लेम, म्हणजे समोरच्या बाजूचा दावा, हवा असतो, मग टीचर ते शेवटी शेपटासारखं जोडायला लावतात.

टूलमिन हे प्रकरण वेगळं. स्टीफन टूलमिन हा ब्रिटिश तत्त्वज्ञ, त्याचं पुस्तक १९५८ चं आणि ते शाळेच्या पोरांसाठी नव्हतंच, माणसं प्रत्यक्षात, जसं की कोर्टात, वाद कसा घालतात ते त्याला बघायचं होतं. त्याचे भाग सहा: क्लेम, डेटा (शाळेत याला ग्राउंड्स किंवा सरळ एव्हिडन्स म्हणतात), वॉरंट, बॅकिंग, क्वालिफायर, रिबटल. सहाही पाठ करायला लावू नका, पोरगं वैतागेल. पण वॉरंट शिकवाच. डॉक्टर म्हणाले म्हणून शाळा उशिरा भरवा, या दोन गोष्टींच्या मधे न बोललेला एक नियम आहे: शाळेची वेळ मुलांच्या झोपेवरून ठरावी, आईबाबांच्या ऑफिसवरून किंवा स्कूलबसच्या फेऱ्यांवरून नाही. हे वाक्य कागदावर आलं की गंमत बघा, समोरचा नेमका इथेच हल्ला करणार. डॉक्टर खोटं बोलतात असं तो म्हणतच नाही, तो म्हणतो की मला सातला कामावर निघायचंय, पोराला सोडणार कोण? म्हणजे वॉरंट सापडलं की काउंटरक्लेम आपोआप हातात येतो, वेगळा शोधत बसायला नको. बॅकिंग म्हणजे त्या नियमाला आधार, वयात येताना शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते, हट्ट करून लवकर झोप येत नाही. क्वालिफायर म्हणजे "बहुतेक ठिकाणी", "शक्यतो" वगैरे.

इथे एक खड्डा आहे. टूलमिनचं रिबटल म्हणजे आपला क्लेम कुठे लागू पडणार नाही ते, वरच्या कायद्यातली ग्रामीण सूट हे त्याचं छान उदाहरण. शाळेत मात्र रिबटल म्हणजे काउंटरक्लेमला दिलेलं उत्तर. जवळजवळ उलटंच, त्यामुळे टीचर कुठल्या अर्थाने म्हणतेय ते आधी विचारून घ्या.

तिसरी एपी लँगची, म्हणजे हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या इंग्रजी कोर्सची आणि त्याच्या परीक्षेची भाषा, साधारण अकरावीत. थीसिस (निबंधाचा मुख्य दावा), एव्हिडन्स, कॉमेंटरी, लाइन ऑफ रीझनिंग (मुद्दे एकामागून एक जोडत नेणारा विचार). मार्क एकूण ६: थीसिसला १, एव्हिडन्स आणि कॉमेंटरीला मिळून ४, सोफिस्टिकेशनला (विचारांच्या खोलीला) १. थीसिस कुठल्याही परिच्छेदात चालतो, पाच परिच्छेदांचा साचाही सक्तीचा नाही, आणि काउंटरक्लेमला वेगळे मार्क नाहीत. वेळ सुमारे ४० मिनिटं. म्हणजे खरी लढाई त्या ४ मार्कांची, आणि कॉमेंटरी म्हणजे पुरावा आणि थीसिस यांच्यामधली वाट दाखवणं, जिथे सीईआरवाली मुलं तेच वाक्य फिरवून लिहितात. सोफिस्टिकेशनच्या एका मार्कामागे जड शब्द घेऊन धावू नका, क्वालिफायर नीट वापरून विषयाची गुंतागुंत दाखवली तर तो मिळायची शक्यता जास्त.

तर माझं मत: नववी-दहावीला सीईआर, पण सोबत एक प्रश्न रोज विचारायचा, "याला नाही कोण म्हणेल आणि का?" अकरावीला एपी घेणार असेल तर सरळ एपीचेच शब्द, टूलमिनकडून फक्त वॉरंट आणि क्वालिफायर उसने घ्यायचे. अख्खा टूलमिन डिबेटवाल्या पोरांनाच झेपतो आणि उपयोगी पडतो, तिथे क्लेम, वॉरंट, इम्पॅक्ट हे रोजचं बोलणं असतं. रोजेरियन नावाचाही एक प्रकार आहे, समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडून मग मधला रस्ता काढायचा, तो टीचरने मागितला तरच बघा.

आपल्या स्टेट बोर्डातून थेट इकडे आलेल्या मुलांचं जरा वेगळं असतं. इंग्रजीत व्ह्यू-काउंटरव्ह्यू (एकाच विषयाच्या दोन विरुद्ध बाजू) लिहिलेलं असल्याने दुसरी बाजू त्यांना समजावावी लागत नाही, पण तिथे मुद्दे बरेचदा प्रश्नातच दिलेले असतात, त्यामुळे स्वतः पुरावा शोधायचा म्हटलं की अडतात. त्यांना आधी महिनाभर फक्त एव्हिडन्स गोळा करायला लावा, वॉरंटचं नंतर बघू.